पार्सर हाताने लिहावा की व्याकरण फाईलमधून बनवावा?

लातूरकर: मोंढ्यातल्या एका आडतीसाठी सॉफ्टवेअर करायलोय. कपातीची सूत्रं मुनीमजी स्वतः टाकतात, जसं की 'वजन - बारदाना - कडता'. ती वाचून त्यांचा अर्थ लावणारा भाग, म्हणजे पार्सर, मी हाताने लिहिला होता. तपासायला १०० - १० - ५ टाकलं तर उत्तर ९५! हवेत ८५. माझा कोड आधी १० मधून ५ वजा करत होता. शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

मग अँटलर ४ घेतलं, म्हणजे भाषेचे नियम (व्याकरण) फाईलमध्ये लिहून दिले की त्यावरून पार्सर बनवणारं टूल. व्याकरणाची फाईल जेमतेम बारा ओळींची. गुणाकार-भागाकाराचा पर्याय वर, बेरीज-वजाबाकीचा खाली. या क्रमावरूनच आधी काय करायचं ते ठरतं. टूल चालवलं की लेक्सर (मजकुराचे सुटे शब्द पाडणारा भाग) आणि पार्सर तयार. भाषा कितीही छोटी असो, पार्सर व्याकरणातूनच बनवावा असं माझं ठाम मत झालंय.

गोदाकाठ, नांदेड: दादा, चूक तुमच्या रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलवायच्या पद्धतीची) आहे, हाताने लिहिण्याची नाही. वजाबाकी लूपमध्ये घेतली असती तर ८५ च आलं असतं. जीसीसी या कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) २००४ मध्ये सी++ साठीचा, बायसन या टूलने बनवलेला पार्सर काढून हाताने लिहिलेला घातला. गो भाषेच्या कंपायलरनेही २०१६ मध्ये याक हे तसंच टूल सोडलं. आणि मुनीमजी कंस बंद करायला विसरले तर टूलचा इंग्रजी संदेश त्यांना काय कळणार? हाताने लिहिलेल्यात 'इथं कंस बंद करा' एवढं सांगता येतं.

लातूरकर: अँटलरमध्ये एरर लिसनर, म्हणजे चूक सापडली की चालणारा कोड, आपला लावता येतो. ओळ, जागा, चुकलेला शब्द सगळं हाती येतं, वाक्य मराठीत आपण लिहायचं. मी तेच केलंय.

परभणीच्या मॅडम: कंपायलर हा विषय शिकवते म्हणून सांगते. गोदाकाठ, पायथनने २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत नवा पार्सर आणला, तोही व्याकरण फाईलमधूनच तयार होतो. म्हणजे मोठ्यांचा दाखला दोन्हीकडं चालतो.

खरी अडचण आपल्या लिपीची आहे. लेक्सरमध्ये नावासाठी युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) फक्त 'अक्षर' वर्ग दिला तर 'किंमत' हा शब्द 'क' पाशीच तुटतो, कारण वेलांटी आणि अनुस्वार त्या वर्गात येत नाहीत, 'चिन्ह' वर्गात येतात. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये ही तपासणी चार ठिकाणी विखुरलेली असते, व्याकरणात एका ओळीत दुरुस्त होते. माझं मत लातूरकरांच्या बाजूनं.

गोदाकाठ, नांदेड: लिपीचं पटलं. पण अँटलरच्या ४.९ ने बनवलेला पार्सर ४.१० च्या रनटाईमवर (पार्सर चालायला लागणाऱ्या लायब्ररीवर) चालत नाही, नव्यानं बनवावा लागतो. उद्या दुसऱ्या कुणी लायब्ररी अपडेट केली तर ऐन हंगामात काटा थांबेल.

लातूरकर: म्हणून टूल आणि रनटाईम एकाच आवृत्तीवर बांधून ठेवलेत. आता मुनीमजींना टक्के हवेत. एक पर्याय वाढवला, टूल पुन्हा चालवलं, झालं.

गोदाकाठ, नांदेड: झालं कुठं? '१०० - १० - ५%' मध्ये पाच टक्के शंभरचे की नव्वदचे? व्याकरण ते सांगत नाही. मुनीमजींना विचारा आणि मगच पट्टी छापा.