मूल पापाचं कसं?

“स्त्री-पुरुष दोन्हींची शारीरिक लक्षणं घेऊन जन्मलेलं मूल हे आईबापाच्या पापाचं फळ, धर्मच तसं सांगतो” हे काहींचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मनुस्मृतीत (३.४९) याचं कारण स्त्री-पुरुषाचं बीज समसमान असणं हे दिलंय, पाप नव्हे. पुढे त्याच ग्रंथात नपुंसकाला वारसाहक्क नाकारलाय, तो अन्यायच. बायबलात मत्तय १९:१२ मध्ये येशू आईच्या उदरातूनच नपुंसक जन्मलेल्यांचा उल्लेख करतो, तिथेही त्यांना दोष दिलेला नाही.

खानापूरकडच्या आमच्या गावात आत्याच्या शेजारी असं लेकरू जन्मलं. कुणी शाप म्हणालं, कुणी म्हणालं यल्लम्मा देवीचं आहे, सौंदत्तीला तिच्या देवळात सोडा. डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेऊन देवीला वाहिलेला जोगप्पा दारात आला की परडीत जोंधळे घालून पाया पडणारीच ही माणसं! आणि जोगप्पा म्हणजे दोन्ही लक्षणं घेऊन जन्मलेलं माणूस, असंही नाही. बहुतेक जोगप्पांचं शरीर जन्मतः पुरुषाचं असतं, मन बाईचं. इथे प्रश्न शरीराच्या घडणीचाच होता. डॉक्टर तर बाळ तीन महिन्यांचं असतानाच ऑपरेशनची घाई करत होते, जिवाला काही धोका नसताना. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूनं तान्ह्या बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली, जिवावर बेतलं तरच सूट. हे आत्यानं पेपरात वाचलं होतं. तिनं आईबापांना थांबवलं, “लेकराला मोठं होऊ द्या, ते सांगंल की” म्हणाली. ते मूल आता शाळेत जातं.