विंडो गोठली की थ्रेडच काढायचा का?

खटपट्या (धागाकर्ता)
आकडेमोड सुरू झाली की विंडो गोठते, अशी तक्रार आली की ठरलेलं उत्तर येतं: वेगळा थ्रेड काढा, म्हणजे काम त्याच प्रोग्रॅममध्ये शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या वाटेवर टाका. मला हा सल्ला घाईचा वाटतो. क्लिक, टायपिंग, पडदा पुन्हा रंगवणं ही सगळी कामं एकाच इव्हेंट लूपच्या रांगेतून जातात. तुमचं फंक्शन परतेपर्यंत रांग जागची हलत नाही, आणि विंडोजवर ५ सेकंद असंच चाललं की 'नॉट रिस्पॉन्डिंग' झळकतं. मग फंक्शनला लवकर परतायला लावा की! ८-१० मिलिसेकंद काम करायचं, ताबा लूपला द्यायचा, उरलेलं पुढच्या फेरीला. विंडो बनवायच्या लायब्ररींत सोय असतेच: पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये 'आफ्टर' आहे, क्यूटीत शून्य मिलिसेकंदांचा टायमर आहे. लॉक (डेटाला एका वेळी एकाच थ्रेडने हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप) नको, डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) नको. 'रद्द' दाबलं की पुढचा तुकडा लावायचाच नाही, विषय संपला.

निशाचर
साफ असहमत. आकडेमोडीचा लूप तुमचा स्वतःचा असेल तरच त्याचे तुकडे पडतात. मोठ्या मॅट्रिक्सचं काम लायब्ररीच्या एकाच फंक्शनला दिलंय आणि ते अर्धा मिनिट घेतंय, तर सुरी कुठे चालवणार? स्वतःचं रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारं) फंक्शन असलं तरी 'कुठवर आलो होतो' हे सगळं हाताने जपावं लागतं. दोन महिन्यांनी तो कोड लिहिणाऱ्यालाही वाचवत नाही.

जुना खेळाडू
व्हीबीतलं (व्हिज्युअल बेसिक) डूइव्हेंट्स आठवलं. लूपच्या मधोमध एक ओळ टाकली की विंडो हलायला लागायची. मग वापरणारा तेच बटण पुन्हा दाबायचा आणि पहिली आकडेमोड अर्धवट असताना तिच्याच पोटात दुसरी सुरू. क्यूटीचं प्रोसेसइव्हेंट्स त्याच कुळातलं. तुकड्यांचं नाव काढलं की मला तेच दिसतं.

खटपट्या
@जुना खेळाडू, गल्लत होतेय. डूइव्हेंट्स चालू फंक्शनच्या आत बाकीच्या घटनांना बोलावतं. मी फंक्शन संपवून बाहेर पडतो. स्टॅकवर (अर्धवट राहिलेल्या फंक्शनांच्या चवडीवर) काही लटकत राहत नाही. बटण बंद करून ठेवायला मात्र माझ्याही पद्धतीत लागतं.
@निशाचर, लायब्ररीचा मुद्दा मान्य. पण बहुतेकांची रडकथा स्वतःच्याच फॉर लूपची असते.

कोरी पाटी
मी फंक्शनपुढे नुसतं 'असिंक' लिहिलं, तरी विंडो गोठतेच. का?

निशाचर
कारण असिंक वाट बघण्यासाठी आहे, राबण्यासाठी नाही. नेटवर्कचं उत्तर येईपर्यंत ताबा सोडता येतो. बेरजा चालू असताना सोडणार कोण? ते काम दुसऱ्या थ्रेडवरच पाठवा: सी शार्पमध्ये टास्क डॉट रनला द्या, ब्राउझरमध्ये वेब वर्करला.

सर्पमित्र
पायथॉनवाल्यांनो, जपून. नेहमीच्या सीपायथॉनमध्ये (पायथॉनची प्रचलित आवृत्ती) जीआयएल नावाचा एक लॉक असतो, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. शुद्ध पायथॉनचा लूप दुसऱ्या थ्रेडवर टाकला, तर विंडो मरत नाही पण अडखळते: मुख्य थ्रेडला जीआयएल परत मिळवायला दर वेळी साधारण ५ मिलिसेकंद ताटकळावं लागू शकतं. उलट नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची मोठी मॅट्रिक्स-कामं जीआयएल सोडून चालतात. म्हणजे निशाचरांच्या उदाहरणाला थ्रेड उत्तम, आणि खटपट्यांच्या फॉर लूपला तुकडे किंवा वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम).
मी प्रोसेसच्या बाजूचा. तिला खुशाल मारता येतं; थ्रेडला नाही. जावात थ्रेडचं 'स्टॉप' कधीच बाद ठरवलंय, कारण लॉक मध्येच सुटतात आणि डेटा अर्धवट बदललेला राहतो. प्रोसेसची किंमत एवढीच की डेटा इकडून तिकडे पाठवावा लागतो. तो अवाढव्य असेल तर ही किंमत जड जाते.

निशाचर
थ्रेडला मारायचं नसतं, सांगायचं असतं. एक झेंडा (थांब की चालू ठेव एवढंच सांगणारी खूण) ठेवा, आतल्या लूपने तो अधूनमधून तपासावा.
आणि लॉकचा बाऊ पुरे. वर्करला (राबणाऱ्या थ्रेडला) डेटाची प्रत द्या, त्याने बटणा-लेबलांना हात लावायचा नाही, निकाल सिग्नलने, म्हणजे रांगेत निरोप टाकून, मुख्य थ्रेडला कळवायचा. जावा ६ पासून तिथला तयार स्विंगवर्कर हेच करतोय. लोक कुठे फसतात सांगू? प्रोग्रेस बारमध्ये. दर फेरीला सिग्नल सोडतात, लाखो सिग्नल रांगेत साचतात आणि काम दुसऱ्या थ्रेडवर असूनही विंडो गोठते. सेकंदाला दहा-वीस वेळा कळवलं तरी डोळ्याला पुरतं.

खटपट्या
प्रत द्या, झेंडा तपासा, सिग्नल आवरा... आणि गुंतागुंत म्हणे माझ्या पद्धतीत! त्यात एक तुम्ही विसरलात. वापरणारा स्लायडर सरकवतोय, जुन्या किमतीचा निकाल नव्याच्या नंतर पोचला, तर पडद्यावर चुकीचा आलेख.

निशाचर
प्रत्येक मागणीला क्रमांक द्या. आलेल्या निकालाचा क्रमांक ताजा नसेल तर फेकून द्या. दोन ओळी. तुमच्या तुकड्यांतही स्लायडर हलला की जुनी साखळी तोडावी लागतेच ना?

खटपट्या
लागते. पण ती तोडताना कुणाची वाट बघावी लागत नाही. फॉर लूपपुरता मी तुकड्यांवरच ठाम.