ऑटोकॅडसाठी लिहिलेलं बीबीएस प्लगइन विकायचंय: लॉक, इन्स्टॉलर, पैसे

सळईपत्रक

बीम, कॉलम आणि स्लॅबच्या डिटेलवरून बार बेंडिंग शेड्यूल (बीबीएस, म्हणजे सळया किती आणि कशा वाकवायच्या त्याचा तक्ता) काढणारं प्लगइन तयार आहे. सी शार्पमध्ये लिहिलंय, ऑटोकॅड २०२२ वर नीट चालतं, टेबल ड्रॉइंगमध्येही पडतं आणि एक्सेलमध्येही. गिऱ्हाईक म्हणजे आरसीसी कन्सल्टंटची छोटी ऑफिसं, दोन ते दहा मशीनवाली, आणि थोडेफार आखातातले.

अडलंय ते असं. ऑटोकॅड २०२५ वर तीच डीएलएल (प्लगइनची फाइल) लोड होते, पण कमांड दिली की कोसळते. सध्या झिप पाठवून नेटलोड कमांडने हाताने लोड करायला सांगतो, त्यात निम्म्या लोकांचं अडतं. लायसन्स मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क ॲडॅप्टरचा नंबर) बांधलंय, सोबत मदरबोर्डचा नंबर विंडोजच्या डब्ल्यूएमआय या माहितीसेवेतून घेतो. आणि पैसे घ्यायचे कसे? ऑटोडेस्कच्या ॲप स्टोअरवर टाकावं, की आपणच विकावं?

बंडलबाज

२०२५ चं आधी. ऑटोकॅड २०२१ ते २०२४ डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर आहेत (प्लगइन ज्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा पाया). २०२५ आणि २०२६ डॉटनेट ८ वर. जुनी डीएलएल नव्यात कधीकधी लोड होते, पण डॉटनेट ८ मध्ये नसलेल्या क्लासला हात लागला की पडते. तुमच्या बाबतीत संशयित समोरच आहे: डब्ल्यूएमआयसाठी लागणारं सिस्टिम.मॅनेजमेंट. ते डॉटनेट ८ मध्ये वेगळं न्यूगेट पॅकेज (बाहेरून जोडायची लायब्ररी) आहे, तुमच्या फोल्डरमध्ये सोबत द्यावं लागतं. म्हणजे कोसळतंय ते बीबीएस नाही, तुमचं लायसन्सचं लॉक.

सोर्स एकच ठेवा, प्रोजेक्ट दोन करा. एक २०२१ च्या लायब्ररींवर ४.८ साठी, दुसरा २०२५ च्या लायब्ररींवर डॉटनेट ८ विंडोजसाठी. टप्प्यातल्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर बिल्ड करा. तुम्ही २०२२ वर केलंय, त्यामुळे २०२१ वाला गिऱ्हाईक विनाकारण बाहेर राहतो. एसीएमजीडी, एसीडीबीएमजीडी आणि एसीकोअरएमजीडी या ऑटोकॅडच्या तिन्ही लायब्ररींचं कॉपी लोकल हे सेटिंग फॉल्स ठेवा. या फाइली तुमच्या फोल्डरमध्ये गेल्या तर विचित्र टाइप एरर येतात, शिवाय त्या ऑटोडेस्कच्या फाइली, आपण वाटायच्या नाहीत.

आता नेटलोड कायमचं बंद करा. बंडल फोल्डर बनवा: नावाच्या शेवटी डॉट बंडल, आत पॅकेजकंटेंट्स.एक्सएमएल, आणि कंटेंट्समध्ये दोन उपफोल्डर. एक्सएमएलमध्ये दोन कंपोनंट्स: पहिल्याला सिरीजमिन आर२४.० (म्हणजे २०२१), सिरीजमॅक्स आर२४.३ (२०२४), दुसऱ्याला आर२५.० ते आर२५.१ (२०२५ ते २०२६). सिरीजमॅक्स सोडू नका, नाहीतर ४.८ वाली डीएलएल २०२५ मध्येही शिरते. प्लॅटफॉर्ममध्ये ऑटोकॅडपुढे तारांकन लावलंत की सिव्हिल थ्रीडीसारख्या भावंडांतही चालेल.

बंडल ठेवायची जागा: सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्स, ऑटोडेस्क, ॲप्लिकेशनप्लगइन्स. प्रोग्रॅम फाइल्सच्या आतलं सगळं ऑटोकॅड विश्वासाचं मानतं, त्यामुळे सिक्युअरलोडची (अनोळखी फाइल लोड होताना इशारा देणारं सेटिंग) खिडकी येत नाही. गिऱ्हाइकाला सिक्युअरलोड शून्य करायला कधीही सांगू नका. एका प्लगइनसाठी त्याचं सगळं ऑफिस उघडं पडतं.

झिप अडते त्याचं कारण विंडोजचा डाउनलोडचा शिक्का. मेलमधून आलेल्या झिपवर तो बसतो, उघडल्यावर आतल्या प्रत्येक डीएलएलवर उतरतो, आणि फ्रेमवर्क ती लोड करायला नकार देतं. झिप उघडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक केलं की सुटतं. पण खरा इलाज इन्स्टॉलरच. इनो सेटअप हे इन्स्टॉलर बनवायचं टूल पुरेसं आहे.

किल्लीकुलूप

मॅक ॲड्रेस सोडा. लॅपटॉपला यूएसबी लॅन लावली, व्हीपीएन चालू केलं, की पहिला ॲडॅप्टर बदलतो आणि लायसन्स गेलं म्हणून फोन येतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत क्रिप्टोग्राफीखाली मशीनग्विड हा मशीनचा ओळखक्रमांक असतो, तो घ्या. मात्र एकाच इमेजवरून बसवलेल्या मशीनमध्ये तो सारखाच निघू शकतो, आणि दहा मशीनवाल्या ऑफिसात असं बसवलेलं असतंच. म्हणून सोबत मदरबोर्डचा यूयूआयडी (त्याचा ओळखक्रमांक) जोडा आणि दोन्हींचा मिळून हॅश, म्हणजे एक छोटा कोड, काढा.

हा कोड गिऱ्हाईक पाठवतो. तुम्ही नाव, कोड, मुदत आणि मशीनसंख्या एका छोट्या मजकुरात लिहून आरएसए या दोन किल्ल्यांच्या पद्धतीने डिजिटल सही करता. प्रायव्हेट की तुमच्याकडे, पब्लिक की डीएलएलमध्ये. इंटरनेट लागत नाही; साइट ऑफिसात ते नसतंच.

डीएलएल आयएलस्पाय या टूलमध्ये टाकली की सगळा कोड दिसतो, म्हणून ऑब्फस्केटर (कोड वाचता येऊ नये असा गुंतवणारं टूल) लावा. कमांडमेथड (ऑटोकॅडची कमांड नोंदवणारी खूण) असलेले क्लास आणि डब्ल्यूपीएफ खिडक्यांच्या बाइंडिंगमधल्या प्रॉपर्टी त्यातून वगळा, नाहीतर पॅलेट उघडतो पण रिकामा. एवढं करूनही फोडणारा फोडतोच. त्याच्यामागे महिने घालवू नका, तो वेळ सळईच्या हुक आणि लॅपच्या हिशेबाला द्या.

ट्रायल तीस दिवसांची नको. घड्याळ मागे नेणं हा इथला जुनाच उद्योग आहे. पहिल्या पाच बीमपर्यंत पूर्ण काम, पुढे नाही, अशी ठेवा. पाच बीमचं शेड्यूल हाताने ताडून पाहता येतं, आणि आकडे जुळले की माणूस विकत घेतो.

हिशेबनीस

पैशांचं. ॲप स्टोअरवर पेपॅलने पैसे घ्यायचे तर अडचण अशी, की पेपॅलने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत. म्हणजे दुबईचा गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देऊ शकतो, सांगलीचा नाही. तेव्हा देशातली विक्री स्वतःच्या पानावरून करा, यूपीआय नाहीतर एनईएफटीने. स्टोअर परदेशासाठी ठेवा. तिथला खरेदीदार ओळखायचा तर ऑनलाइनयूझरआयडी हे सिस्टिम व्हेरिएबल वाचून ऑटोडेस्कच्या एंटायटलमेंट सेवेला (कुणी विकत घेतलंय ते सांगणारी) विचारायचं. साइन इन केलेलं नसेल तर ते रिकामं येतं. अशा वेळी लगेच कमांड बंद करू नका, काही दिवसांची सवलत ठेवा.

सॉफ्टवेअरवर जीएसटी १८ टक्के. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, पण कंपन्या जीएसटीचं बिल मागतातच, कारण त्यांना क्रेडिट मिळतं. नोंदणी असेल तर परदेशी विक्रीसाठी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे आयजीएसटी न भरता बिल करता येतं. ते दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं, एप्रिल उजाडला की पहिलं तेच. मोठी कंपनी टीडीएस कापून पैसे देईल, तो कमी पडला असं समजू नका, रिटर्नमध्ये मिळतो.

दर लावताना आवृत्ती बांधा: आज विकलेलं लायसन्स ऑटोकॅड २०२६ पर्यंतच्या आवृत्त्यांना कायमचं, पुढच्या आवृत्तीला अपग्रेडचे पैसे. छोट्या ऑफिसांना वर्षाचं भाडं रुचत नाही, आणि नवीन ऑटोकॅड दरवर्षी येत असल्यामुळे तुमचं काम मात्र दरवर्षी असतंच. आणि नाव ठेवताना ऑटोकॅड हा शब्द पुढे नको. ‘अमुक, ऑटोकॅडसाठी’ असं लिहा. ट्रेडमार्क त्यांचा आहे.

सळईपत्रक

लॉकच कोसळत होतं. पॅकेज सोबत दिलं, २०२५ वर चालू झालं. आता दोघांनी विचारलंय की ऑटोकॅड एलटीवर (स्वस्तातली, कमी सोयींची आवृत्ती) चालेल का, आणि एकाकडे ब्रिक्सकॅड (दुसऱ्या कंपनीचं तसंच सॉफ्टवेअर) आहे.

बंडलबाज

एलटीवर हे चालणार नाही. एलटी २०२४ पासून ऑटोलिस्प ही ऑटोकॅडची साधी प्रोग्रॅमिंग भाषा आली, पण डॉटनेट आणि ऑब्जेक्टएआरएक्स (सी++ मधून प्लगइन लिहायची सोय) नाही. त्या गिऱ्हाइकांसाठी लिस्पमध्ये छोटी आवृत्ती लिहावी लागेल. लिस्प फॅस किंवा व्हीएलएक्स या बंद फाइलींत कंपाइल करताना लिस्पसिस हे सिस्टिम व्हेरिएबल पाहा. ते १ असताना केलेली फाइल युनिकोडमध्ये जाते, आणि २०२० किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडवर चालत नाही. जुने गिऱ्हाईक असतील तर २ ठेवून कंपाइल करा. मग टेबलाचे मथळे देवनागरीत ठेवता येत नाहीत.

ब्रिक्सकॅड फॅस आणि व्हीएलएक्स घेत नाही, त्याचं स्वतःचं एन्क्रिप्शन आहे. डॉटनेट आहे, पण नेमस्पेस वेगळी, म्हणजे तिसरा बिल्ड. एका गिऱ्हाइकासाठी त्यात पडू नका.

किल्लीकुलूप

एक राहिलं. सळईचं मीटरमागचं वजन तुम्ही व्यास वर्ग भागिले १६२ ने काढत असाल. १२ मिमीला ते ०.८८९ किलो येतं, आयएस १७८६ या सळयांच्या मानकाच्या तक्त्यात ०.८८८ आहे. हजार मीटरला किलोभराचा फरक, आणि बिल तपासणारा नेमका तिथेच बोट ठेवतो. वजनाचा तक्ता कोडमध्ये गाडू नका, बाहेरच्या फाइलीत ठेवा. कुठला धरायचा ते ऑफिस ठरवील.