बोअर उपसून भरलेलं शेततळं: याला पाणी वाचवणं म्हणायचं का?

चांदूरकर:
वरुडकडे बोअरचं पाणी प्लास्टिक पन्नी अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवणारे बागायतदार दिसतात. 30×30×3 मीटरच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतं. पावसाचं असेल तर उत्तमच. पण हजार फुटांवरून काढून उन्हात पसरलेलं? मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं. तळं भरलेलं असेल तर रोजचे नऊ हजार लिटर गेले. जमिनीत होतं तेव्हा उडत नव्हतं. पन्नीमुळे खाली मुरायचंही नाही. आणि 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा 60 मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या विहिरीलाच खोल म्हणतो!

संत्रावाला:
भाऊ, कागदावर हिशेब सोपा आहे. माह्या बोअरले पाऊण इंच पाणी, विजेची लाईन रात्रीची. तेवढ्यात ड्रीपचं प्रेशरच बनत नाही, शेवटची झाडं तशीच राहतात. म्हणून रात्री तळ्यात सोडतो, सकाळी लाईन जायच्या आत मोटर लावून देतो. मे मध्ये संत्र्याच्या आंबिया बहराची फळं झाडावर असतात. पाणी चुकलं त खाली सडा पडते. झाड वाळलं त तुम्ही भरून देसान का?

चांदूरकर:
रात्रीचं पाणी सकाळपर्यंत ठेवायला टाकं पुरतं. 22 लाख लिटर कशाला?

संत्रावाला:
तळ्याले अनुदान भेटलं, म्हणून तळं केलं. लपवायचं काय त्यात.

दर्यापूरकर:
तुमचं भांडण गोडं पाणी असलेल्यांचं आहे, राजेहो. आम्ही खारपाणपट्ट्यातले, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. बोअर मारली तर खारं लागतं, ते शेताला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट, पाणी न मुरणारी होते. आभाळातून पडेल तेवढंच गोडं. आमची काळी चिकण माती, तळ्याला पन्नीसुद्धा लागत नाही. सप्टेंबरात खंड पडला की शेंगा भरताना सोयाबीनला एक पाणी, उरलं तर हरभऱ्याला. उन्हाळ्यासाठी राखतच नाही, मग उडणार काय?

वर्धेकर:
तळ्याला कुंपण घाला आधी. पन्नीवर पाय घसरला की पोर काय, बैलही वर येत नाही.

संत्रावाला:
दर्यापूरवाले भाऊ, तुमचं सोयाबीन एका पाण्यावर निघते. माहं झाड बारा महिने उभं आहे.

चांदूरकर:
तेच तर. एका पाणलोटात अशी झाडं किती लावायची? शेजाऱ्याची विहीर आटली तेव्हा तुमचं तळं भरलेलं होतं की नाही, एवढं सांगा.

संत्रावाला:
होतं. त्याच्या गुराइले पाणीबी माह्याच तळ्यातून नेते तो.