'काल्सोनेस' म्हणजे चड्डी की विजार?

प्रश्न : स्पॅनिशच्या वर्गात 'अया एन एल रांचो ग्रांदे' हे मेक्सिकोतल्या 'मारियाची' वादक-गायक मंडळींचं आवडतं गाणं ऐकलं. मळ्यावरची एक पोर गाणाऱ्याला हसत सांगते, तुला रांचेरो (मळेकरी) घालतात तसे 'काल्सोनेस' शिवून देते, सुरुवात लोकरीनं, शेवट कातड्यानं. शब्दकोशात अर्थ दिलाय अंतर्वस्त्र. कातड्याची चड्डी? वर्गात हशा पिकला, मीही हसले, पण अर्थ काही लागला नाही.

उत्तर : विजारच. मेक्सिकोतले खेडूत जाड्याभरड्या सुती कापडाची पांढरी, सैल विजार घालत. ती 'काल्सोन दे मांता', मांता म्हणजे ते कापड. आज पँटला 'पांतालोन' म्हणतात आणि 'काल्सोन' बिचारा आत सरकलाय. आपल्या 'चड्डी'चं काय झालं? शाळेची खाकी चड्डी घालून आम्ही उजळ माथ्यानं गावभर हिंडायचो. आता दुकानात तोच शब्द हळू आवाजात उच्चारतात. मराठीत आणायचं तर 'चोळणा' घ्या.

दुसरं उत्तर : आमच्या गोव्यात पँट म्हणजे 'कालसांव', पोर्तुगीजांकडून आलेला. दोघांचं मूळ एकच. लॅटिन 'काल्केउस' म्हणजे जोडा, त्यावरून 'काल्सा' म्हणजे पायमोजा. मोजा वर चढत चढत कमरेला पोचला! इटलीतला 'काल्झोने' हा खायचा पदार्थही याच घराण्यातला.

पुन्हा पहिला : कातडं अगदीच वेडगळ नाही हं. दिवसभर घोड्यावर बसणाऱ्याला मांड्यांवर कातडं लागतंच. पण लोकरीनं सुरू केलेली विजार कातड्यानं संपवायची, ही खरी थट्टा. आज ऐकणाऱ्याला वर 'चड्डी'ही ऐकू येते, म्हणजे दुप्पट हसू. त्यात व्हायोलिन, ट्रम्पेट, पोटाएवढं गितारोन हे जाडं गिटार आणि मध्येच कुणीतरी ठोकलेली लांबलचक आरोळी. तिला 'ग्रितो' म्हणतात. ती ऐकल्यावर अर्थ विचारायला कुणी थांबत नाही. १९३६च्या, या गाण्याच्याच नावाच्या चित्रपटात तितो गिसार नायक होता, १९४९च्या नव्या आवृत्तीत होर्खे नेग्रेते.

प्रश्नकर्ती : आभार! 'मारियाची' हा फ्रेंच 'मारियाज'वरून, लग्नात वाजवतात म्हणून, असं सर म्हणाले.

उत्तर : सरांना सांगा, मेक्सिकोत फ्रेंच फौजा उतरल्या १८६०च्या दशकात, आणि तिथल्या रोसामोरादा गावच्या एका पाद्र्यानं १८५२च्या पत्रातच 'मारियाची' नावाच्या धांगडधिंग्याची बिशपकडे तक्रार केली होती.

प्रश्नकर्ती : मग हे कसं वाटतं?
'चोळणा शिवीन तुला मळेकऱ्याचा,
आरंभ लोकरीचा, शेवट कातड्याचा.'

उत्तर : झकास. फक्त 'आरंभ' काढा, मळ्यावरची पोर असं बोलायची नाही.