व्हाइटिंग आणि मुडदुशी एक नव्हेत

कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडमधला व्हाइटिंग मासा म्हणजे आपली मुडदुशीच. नाही हो! मुडदुशीला इंग्रजीत इंडियन व्हाइटिंग म्हणतात, घोटाळा तिथे होतो. इथली, म्हणजे इंग्लंडची, व्हाइटिंग कॉड माशाच्या कुळातली. पाठीवर तीन पर (मुडदुशीला दोनच) आणि छातीच्या पराच्या मुळाशी काळा ठिपका. लहान कॉड वाटला तर हनुवटी बघा. कॉडला तिथे ठसठशीत मिशी असते, मोठ्या व्हाइटिंगला नसते.

थंडीत अंधार पडल्यावर दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या चेसिल बीचवर गळ टाका. गळाला मॅकरेल माशाची पट्टी लावली की रॉडचं टोक थडथडायला लागतं. दात बारीक, पण सुयांसारखे. गळ सोडवताना माझं बोट दोनदा फाटलंय. २७ सेंमीपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात.

खायला? मांस मऊ, दुसऱ्या दिवशी पार लिबलिबीत. म्हणून किनाऱ्यावरच पोट साफ करायचं, घरी आल्याबरोबर हळद-मीठ-तिखट लावून रव्यात तळायची. कालवणाच्या फंदात पडू नका, नुसता चुरा होतो. मी एकदा केलं होतं, बायको अजून काढते ते.