मदत हवी आहे: माळ्याचं घर, एकच सलग हॉल, नवऱ्याचं काळं कपाट आणि माझ्या पांढऱ्या भिंती

नमस्कार मंडळी. धागा लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

पुण्यात जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर घेतलंय. हॉलची उंची १६ फूट आणि अर्ध्या हॉलवर आधीच्या मालकांनी लोखंडी गर्डर टाकून माळा घातलाय. डबे-पातेली टाकायचा पोटमाळा नव्हे. वर नीट उभं राहता येतं, जिना आहे, खिडकी आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर सलग. दाराची खोली एकच, ती सासूबाईंची. वर आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि चार वर्षांचा एक वादळ.

नवऱ्याचं मिरजेचं घर भावाभावांत वाटलं गेलं आणि त्याच्या वाट्याला सामान आलं. आरशाचं दोन दारी कपाट (काळंकुट्ट), पितळी कड्यांचा झोपाळा, घंगाळ, समया, कातलेल्या पायांचा पलंग आणि आजोबांचा तंबोरा. त्यातली एकही वस्तू तो सोडायला तयार नाही. मी पॅकेजिंगचं डिझाइन करते, काम घरूनच. दिवसभर स्क्रीनवर रंगांची जत्रा बघितल्यावर मला डोळ्यांना मोकळी भिंत लागते. फिकट लाकूड, बुटकं फर्निचर, सामान बंद दारांआड, बस. तो म्हणतो, हे घर आहे की दवाखाना. मी म्हणते, हे घर आहे की जुना बाजार.

आधीच्या फ्लॅटमध्ये हे भांडण नव्हतंच, कारण हॉल त्याचा आणि बेडरूम माझी, मधे दार. इथे दारच नाही. कठड्याशी उभं राहिलं की खालचं सगळं दिसतं आणि सोफ्यावर बसलं की वरचं. 'खाली तुझं, वर माझं' असं कागदावर मांडून बघितलं, तर ते दोन बिऱ्हाडांचं घर दिसायला लागलं. सुताराने तोडगा काढला, 'सगळ्याला एकच लॅमिनेट मारून टाकू, मॅचिंग होईल.' त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता नेमकं काय विचारायचंय ते. कपाटाला पांढरा रंग द्यावा असं मी म्हटलं, तर नवरा म्हणाला, आधी माझ्या अंगावर मार. झोपाळा हवा यावर मात्र घरात एकमत आहे (हे एकच), पण कुठे? १६ फुटांवरच्या स्लॅबला टांगायचा की माळ्याखाली? देवघराला मोकळी भिंत आहे ती नेमकी माळ्याखाली. सासूबाई म्हणतात, 'देवाच्या डोक्यावर तुमचे पाय? मला चालायचं नाही.' वर न्यावं तर त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. कठडा बदलायचाय; नवऱ्याला कातीव लाकडी खांब हवेत, मला काच. आणि दिवे. तो पिवळ्या पक्षाचा, मी पांढऱ्या.

बजेट साडेतीन लाख, त्यात भिंतींचा रंग धरलेला नाही. ज्यांनी अशा घरात दोन आवडी नांदवल्यात त्यांनी कृपया लिहा. 'एकमेकांना समजून घ्या' छापाचे सल्ले आईकडून मिळालेले आहेत.

टोचा: दवाखान्यात घंगाळ ठेवा, पेशंटला गरम पाणी. पुलेशु.

रंधा: ताई, आमचा धंदा फर्निचरचा, तिसरी पिढी. कपाटाला रंग लावू नका, पण ते काळंच आहे हेही धरून चालू नका. कपाट कशाचं आहे ते आधी बघा. खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या बाजूची, मागची, तळाची फळी बघा. तिथे सहसा पॉलिश मारत नसत. मग दाराच्या चौकटीला आतून, न दिसेल अशा जागी, बोटभर घासून बघा. जांभळट काळा-तपकिरी रंग लाकडातच असेल तर अस्सल शिसव, मग हात लावू नका, नुसतं पुसून मेण द्या. पण पुष्कळदा निघतं सागवान. वर्षानुवर्षं वरचेवर गडद पॉलिशचे हात बसलेले असतात, धूर आणि तेल वेगळं. ते उतरवलं की आतून मधासारखा रंग येतो आणि तुमच्या फिकट लाकडाशेजारी तो अजिबात परका वाटत नाही.

उतरवायचं झालं तर मशीनने रगडू देऊ नका, जुन्या कोरीव कामाच्या कडा जातात. चपडीचं (म्हणजे लाखेचं) जुनं पॉलिश असेल तर स्पिरिटने सुटतं. ओल्या फडक्यावर तपकिरी आलं की समजा. नंतर परत चपडीच लावा, चकाकी कमी ठेवा. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) काचेसारखा थर जुन्या लाकडावर प्लास्टिकसारखा दिसतो, हे माझं मत. धंद्यातले निम्मे लोक भांडतील.

आरसा जुना असेल, पाठीमागून काळे डाग आले असतील, तर बदलू नका. नवा आरसा लावलेलं जुनं कपाट नव्या कवळीसारखं दिसतं.

खडूफळा: झोपाळ्याबद्दल. ३० वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, सहन करा.

झोक्याचा वेळ साखळीच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. १६ फुटांवरून टांगला आणि बैठक दीड फुटावर ठेवली, तर लांबी साडेचौदा फूट. एक झोका (जाऊन येऊन) जवळपास सव्वाचार सेकंदांचा. नेहमीच्या दहा फुटी खोलीत तोच सव्वातीनच्या आत. संथ झोका छानच लागतो, पण पल्ला बघा. दोन्ही बाजूंना २० अंश झुकला तर उंच झोपाळा सुमारे १० फुटांचा पट्टा झाडतो, नेहमीचा जेमतेम ६ फुटांचा. फळीची रुंदी वेगळी. तुमच्या हॉलमध्ये एवढी मोकळी जागा सोडलीत तर सोफा जिन्यात ठेवावा लागेल. शिवाय लांब साखळीचा झोपाळा आडवाही भरकटतो. चार वर्षांचं वादळ म्हणताय ना?

भाराचंही सांगतो. झोका ४५ अंशांपर्यंत गेला तर खाली येताना कड्यांवरचा ताण बसलेल्या वजनाच्या दीडपटीच्या थोडा वर जातो. तिघं बसली तर हिशेब करा. हूक फॉल्स सीलिंगमध्ये किंवा नुसत्या विटेत कधीच नको.

पागोळी: मी आर्किटेक्ट आहे, पण इथे शेजारीण म्हणून लिहिते.

खडूफळा सरांचं बरोबर. माळ्याच्या गर्डरलाही टांगू नका. झोके घेतलेत की वर झोपलेल्याला ते जाणवतील, आणि तो गर्डर आधीच्या मालकांनी कुठल्या हिशेबाने टाकलाय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय त्यावर काहीच वाढवू नये. हे बघणं झोपाळ्याशिवायही करून घ्याच, चौघं वर झोपणार आहात. त्याच्याकडूनच उंच भागात साधारण दहा फुटांवर या भिंतीच्या बीमपासून त्या बीमपर्यंत आडवा लोखंडी तुळवा बसवून घ्या आणि झोपाळा त्याला. माळ्याचा गर्डर आणि हा तुळवा एकाच काळ्या रंगात रंगवा. जुन्या पितळी कड्या, साधं लोखंड आणि मागे पांढरी भिंत, हे तुम्हा दोघांनाही पटेल असं मला वाटतं.

आता जरा आगाऊपणा करते. यजमान 'जुनं घर' म्हणून जे मांडायला बघतायत, ते फार जुनं नाही. वाड्यांमधल्या बैठका बघा. जमिनीवर गादी, लोड-तक्के, भिंतीत कोनाडे, फडताळं, कपड्यांना खुंट्या. मधली जमीन मोकळी. वस्तू भिंतीच्या आत, माणसं मधे. आरशाची कपाटं, टेबलं, खुर्च्या हा सगळा सरंजाम इंग्रजी अमदानीत वाढला. म्हणजे तुमची रिकामी खोली त्यांच्या कपाटाच्या पणजीच्या वयाची आहे. हे वाक्य त्यांना जेवणानंतर ऐकवा, आधी नको.

यातूनच उपाय निघतो. पितळेला शेल्फ देऊ नका, कोनाडे द्या. उघड्या शेल्फवर बारा वस्तू म्हणजे दुकान. कोनाड्यात एक समई म्हणजे समई. पण घरातल्या चार इंची भिंतीत कोनाडा खोदता येत नाही, आणि वरच्या मजल्याची बाहेरची भिंत खोदलीत तर पावसाळ्यात ओल आलीच समजा. जिन्याशेजारी सहा-सात इंच खोलीची प्लायची खोटी भिंत उभी करा, तिच्यात तीन-चार कोनाडे, उरलेल्या भागात तुमची बंद कपाटं. सामान दाराआड जातं, पितळ दिसतं. घंगाळ मात्र जमिनीवरच, जिन्याच्या वळणाशी, आणि त्यात छत्र्या ठेवायच्या नाहीत. कृपया.

कठडा: काचेवर चार वर्षांच्या मुलाचे हात रोज पुसायला तयार असाल तरच काच. कातीव खांब सुंदर दिसतात, पण मधे बारीक आणि वर-खाली जाड असल्याने फट कुठे कमी कुठे जास्त होते. सरळ उभ्या सळ्या, मधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी, आडव्या पट्ट्या मुळीच नकोत (मुलांना ती शिडी वाटते), आणि वर हाताला सागवानी हातधरणी. कातीव खांबांची हौस पलंगावर भागते आहेच.

नवीन काही घ्यायचं झालं तर सागवान आणि वेत. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात वास्तुविशारद प्येर जान्रे यांच्या देखरेखीखाली झालेल्या खुर्च्या आठवा. लाकूड आपलं, विणकाम आपल्या आजीच्या खुर्चीतलं, आकार एकदम सडसडीत. अशा चार खुर्च्या जेवणाच्या टेबलाला ठेवल्यात तर त्या जुन्या कपाटाशीही बोलतील आणि तुमच्या बुटक्या सोफ्याशीही.

जाई_जुई: देवघराचं आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, डुप्लेक्समध्ये. देवघर माळ्याखालीच ठेवा, आणि वर बरोबर त्याच जागी पुस्तकांचं किंवा कपड्यांचं कपाट उभं करा. तिथे पाऊल पडणारच नाही. सासूबाईंना वर नेता येत नसेल तर फोटो दाखवा, खडूने आखून. माझ्या सासूबाईंनी मोजपट्टी मागितली होती. दिली. मग हो म्हणाल्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. रंधा दादा, खण काढला. तळाची फळी फिकट पिवळसर! चौकटीला आतून स्पिरिटचं फडकं लावलं तर चहासारखं तपकिरी सुटलं आणि खालून सागवान. नवरा अर्धा तास काहीच बोलला नाही, मग म्हणाला, 'एक दार करून बघू.' आमच्याकडे याला होकार म्हणतात. पलंग मात्र खरोखरच शिसवी आहे, तो तसाच राहील, वर माळ्यावर, पांढऱ्या चादरीखाली. इंजिनिअर येऊन गेले की झोपाळ्याचं ठरेल.

वाड्याचं वाक्य जेवणानंतर ऐकवलं. सासूबाई म्हणाल्या, 'बरोबर आहे की, आमच्या माजघरात काय होतं? दोन पाट आणि एक विळी.' मी काही बोलले नाही. देवघराच्या वर मुलांच्या पुस्तकांचं कपाट येतंय. त्यांनीही मोजपट्टी मागितली.

दिव्यांचा वाद अजून तसाच आहे. आणि तंबोरा? नवरा म्हणतो वर, खिडकीशी.

पागोळी: तंबोरा वर नको! वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि घरातली गरम हवाही वर जाऊन माळ्यावरच साचते. एप्रिलमध्ये दुपारी वर बसून बघा. भोपळ्याला आणि सांध्यांना तो कोरडा उकाडा मानवत नाही. खाली, ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. आणि जमलं तर गच्चीवर चायना मोझेक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा निदान ऊन परतवणारा पांढरा रंग करून घ्या. सोसायटीची परवानगी घ्यायला आत्ताच लागा, त्याला वेळ लागतो.

दिवे: पक्ष सोडा, जागा बघा. झोपाळा, सोफा, जेवण आणि कोनाड्यांत २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड. पितळ आणि लाकूड त्यातच जिवंत दिसतं. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात सागवानसुद्धा आजारी वाटतं. तुमच्या कामाच्या टेबलावर आणि ओट्यावर ४०००. तुम्हाला रंग पारखायचे असतात, तेव्हा टेबलावरच्या दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर आहे का बघून घ्या. १६ फुटांवरच्या छतात एकही दिवा बसवू नका, तो गेला की शिडीवाला शोधत बसाल. सगळे भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीला.

भिंतीला शुभ्र पांढरा नको, लाकडाशेजारी तो निळसर दिसतो. चुन्याच्या भिंतीचा असतो तसा, किंचित पिवळ्या झाकेचा घ्या. चार छटांचे दोन-दोन फुटांचे पट्टे मारून सकाळी आणि दिवे लावल्यावर, दोन्ही वेळा बघा. छटा निवडताना कपाटाचं सोललेलं दार शेजारी उभं करा.

धागाकर्ती: हे सगळं छापून फ्रिजला लावतेय. एकच राहिलं. उंच भागात पंखा लावायचाय, दांडा किती लांब घ्यायचा?

खडूफळा: पाती जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर येतील इतका, म्हणजे तुमच्याकडे साधारण सहा फुटांचा. आणि ती माळ्याच्या कठड्याच्या बरोबर समोर फिरतील. लेकीने कठड्यावरून हात पूर्ण लांबवला तरी पात्यापर्यंत निदान तीन फूट उरले पाहिजेत. झोपाळ्याच्या तुळव्यापासूनही तेवढंच. आधी मोजा, मग भोक पाडा.